कोपरावरचा हात

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. सालास, व्यासपीठावरील फादर इग्मेदियो, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या उपचार केंद्राच्या ज्येष्ठ थेरपिस्ट, आम्हा सर्वांची थोरली ताई म्हणजे मानांग पुरिता, आणि सभागृहात जमलेले पालक व सहकारी, सर्वांना माझा नमस्कार.

गौरवपर बोलावं अशी सूचना आहे. मी एकच प्रसंग सांगते.

सात वर्षांच्या एल्मरचे हात जन्मापासून ताठर. आपल्या पनाय बेटावर अशा मुलाला भरवणं म्हणजेच माया. चमचा त्याच्या हातात देणारी आई निर्दय. त्याची आई जोसलिन मात्र स्वतःहून केंद्रात आली. तिच्या आजारावर उपचार उरले नव्हते. ती म्हणाली, "मानांग, मी जायच्या आत याला जेवता आलं पाहिजे."

मानांगनी चमच्याच्या दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळून तो जाड केला. आईचा हात आधी मुलाच्या मुठीवर, मग मनगटावर, मग कोपरावर. आधार असाच मागे घ्यायचा असतो. पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं. ज्या आईजवळ वेळच उरलेला नाही, तिला हे कसं सांगायचं, ते पुस्तकात नाही.

कोपरावरचा हात काढायची वेळ आली तेव्हा मी खोलीत होते.

"आणखी एक आठवडा धरू दे गं," जोसलिन म्हणाली.

"नाही."

"दगडाची आहेस. निदान शेवटचा घास भरवू दे!"

"जोसलिन, हात मांडीवर. तो बघतोय तुझ्याकडे."

एल्मरने भात सांडला, पुन्हा उचलला, तोंडापर्यंत नेला. जोसलिन हात मांडीवर ठेवून रडत होती. पुन्हा तिने विचारलं नाही.

तिची शवपेटी घरात होती तेव्हा सगळे नातेवाईक एल्मरला भरवायला पुढे सरसावले. "ये रे बाळा, आ कर." त्याने तोंड फिरवलं, चमचा मागितला आणि पेटीशेजारी बसून जेवला. त्याच्या लोला, म्हणजे आजी, सर्वांदेखत मानांगना म्हणाल्या, "माझ्या लेकीला तिच्या पोराला एक घास भरवू दिला नाहीस. खा आता तूच!" मानांग तिथेच उभ्या राहिल्या.

लोला आज आलेल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं मी म्हणू का? नाही म्हणणार. एल्मर आता मामाकडे असतो. घरातली सगळी माणसं पहाटेच मासळी बाजारात जातात. दुपारी तो झाकलेलं ताट उघडतो आणि जेवतो. एकटाच.

मानांग, त्या खोलीत 'हो' म्हणणं सोपं होतं. मला जमलं नसतं तुमच्यासारखं 'नाही' म्हणायला. त्या नकाराबद्दल अजून कोणी तुमचे आभार मानलेले नाहीत. मी मानते.

आनंदाच्या दिवशी जड बोलले असेन, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. एल्मरला उद्याही दुपारी भूक लागणार आहे, म्हणून बोलले.