मुलतानी माती संपली

न्हाई न्हाई, बोलू नका मॅडम, आता ओठ बिलकुल हलवायचे न्हाईत. पॅक वाळत असताना बोललं की गालावर सुरकुती पडती म्हणत्यात — खरं खोटं देव जाणे, पण रविवारी तुमचा साखरपुडा, कशाला उगं जोखीम घ्यायची? मान मागं टेकवा. हां. डोळ्यावरची काकडी बी ऱ्हाऊ द्या, थंड वाटती का न्हाई? वाटतीच. तुम्ही फक्त आयब्रो करायला आल्त्या, मला माहितंय, पॅकचं तुम्ही बोलल्याच न्हवत्या — तो माझ्याकडून. लग्नघरच्या पोरीला मी असंच काय ना काय लावून देते. बदनापुरात कुणालाबी विचारा, सुरेखाचं पार्लर म्हणलं की — असो. तुम्ही जालन्याला कॉलेजात शिकवता न्हाई का? गणित. मला कसं माहीत? अहो, स्टेशनाचं गाव हाय, सकाळच्या गाडीला कोण चढलं आन् सांजच्याला कोण उतरलं, समद्याला माहीत असतं.

गणितावरून आठवलं. माझी एक मैत्रीण हाय, इथलीच. तिनं ह्या वयात बीएस्सीला नाव घातलंय, पहिल्या वर्षाला. हसू नका, तडा जाईल. बारावी सायन्स झाली आन् लग्न झालं, त्याच्यावर इतकी वर्षं गेली, पुस्तकाचं तोंड बघितलं न्हाई. तिला बिचारीला ते लिमिटचं काय बी कळून न्हाई राह्यलं. तो इप्सिलॉन आन् तो डेल्टा. पोरगी सांगती, आई, इप्सिलॉन कितीबी बारीक घेतला तरी डेल्टा सापडला पाह्यजे. मी म्हणलं, अगं, पण घेतला म्हंजे कुणी घेतला? कुठून आला? तर म्हणती, तू समज ना आलाय म्हणून. आता समजलं असतं तर विचारलं असतं का मी?

म्हंजे ती. मैत्रीण.

बसा मॅडम, उठू नका — मान हलवली ना तुम्ही, कानामागं ओघळ गेला बघा. थांबा, पुसते. बरं, मीच हाय ती. झालं? एवढं काय त्यात. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर खिडकीकडं एक बाई स्कार्फ बांधून बसती — डोळे तेवढे दिसत्यात — ती मीच. गाडीची धूळ लागती, दमा हाय, असं तुम्हाला सांगितलं होतं पहिल्या दिवशी. दमा-बिमा काय न्हाई मला. वर्गात बदनापूरची बी पोरं हायेत, त्यांच्या आया माझ्याकडं थ्रेडिंगला येत्यात. उद्या गावभर झालं असतं, सुरेखा शाळंला चालली म्हणून. गावाला वाटतं मी पोरीला सोडायला जाते आन् येताना पार्लरचं सामान आणते. हजेरीला तुम्ही भुतेकर शीतल, भुतेकर सुरेखा असं लागोपाठ बोलता ना, तुम्हाला वाटत असंल बहिणी-बहिणी हायेत. मायलेकी हाव आम्ही.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून. खूळ न्हाई हो, त्याला कारण हाय. शीतलला गणिताचं लई वेड, लहानपणापासून. बारावीला चांगले मार्क पडले, तिला जालन्याला बीएस्सीला जायचं होतं. आमचे सासरे, मामंजी, वाईट माणूस न्हाई बरं का, नातीवर लई जीव हाय त्यांचा. पण एकच धरून बसले, पोरगी एकटी रेल्वेनं जायची न्हाई, सोबत कोण हाय? आमच्या ह्यांची ड्युटी कृषी केंद्रावर, ते तर मामंजींसमोर पाण्याला पाणी म्हणत न्हाईत. मी आपलं भाकरी थापता थापता बोलून गेले, मी जाते की सोबत. मामंजी म्हणले, आन् दिवसभर तिथं काय करशील, फाटकाबाहेर बसशील का? मी म्हणलं, बाहेर कशाला, आत बसते, मी बी नाव घालते. मामंजी इतके हसले, इतके हसले की त्यांना ठसका लागला. आन् हसता हसता हो म्हणले. पण पाणी पिऊन झाल्यावर एक बात बोलले, ती काय माझ्या डोक्यातून जात न्हाई — "दोघी जाल तवर जा. एक थांबली की दुसरी थांबली."

म्हंजे बघा. शीतल पास होणारच, तिची काळजी न्हाई. मी नापास झाले की मी घरी, आन् मी घरी की ती घरी. पोरीचं शिक्षण माझ्या गणितावर येऊन अडकलंय. बाकीचं मी ओढून नेते हो, केमिस्ट्री-बिमिस्ट्री पाठ होती. गणित पाठ होत न्हाई. पहिल्यांदा तेबी पाठ केलं, दोरा ओढता ओढता म्हणायचे, गिऱ्हाईक विचारायचं सुरेखाताई काय मंतर म्हणून राह्यल्या. पण तुम्ही आकडा बदलला की मंतर बंद. शीतलला सांगितलं तर ती शिकवती, पण तिचा पारा लगेच चढतो. आई, इतकं सोपं हाय, आई, तू ऐकत न्हाईस, तूच बोलत बसतीस. मी कुठं बोलते हो जास्ती?

तर ती असाइनमेंट. हां, तीच. बघा, मान हलली तुमची.

त्या दिवशी इथं चार बायका बसल्या होत्या, लगीनसराई. शीतल तिथं कोपऱ्यात बसून लिहून राह्यली होती, आन् मी इकडून सामानाचं सांगून राह्यले — दोरा संपत आलाय, मुलतानी माती संपली, जालन्याहून दोन पुडे आणायचेत, ध्यानात ठेव गं. तिनं ध्यानात ऱ्हावं म्हणून पेन्सिलीनं तिथंच लिहून ठेवलं, उत्तराच्या खाली. नंतर खोडणार होती, विसरली. मंग तिचं झाल्यावर मी माझं घेतलं उतरवायला. आता मी उतरवते कशी, तुम्हाला सांगते. मेंदीचं पुस्तक समोर ठेवून नवरीच्या हातावर मोर काढतो ना, तसं. आपण मोर बघत न्हाई, रेघ बघतो. वेल इकडं वळली की आपण इकडं वळायचं, ठिपका हाय तिथं ठिपका. तसंच उतरवलं मी, बराबर, एक ठिपका सोडला न्हाई. देअरफोर डेल्टा बरोबर इप्सिलॉन भागिले तीन, आन् त्याच्या खाली मुलतानी माती संपली, दोन पुडे. शीतलचं पेन्सिलीनं होतं. माझं पेनानं.

आन् काल तुम्ही वर्गात ते वाचून दाखवलं. नाव न्हाई घेतलं, ते उपकार झाले. दोन विद्यार्थ्यांनी एकच सिद्धता दिलीय आन् दोघांचीबी माती संपलीय, म्हणल्या तुम्ही. अख्खा वर्ग हसला. तो पुढच्या बाकावरचा मिथुन तर बाक बडवत होता. मी बी हसले स्कार्फमधून, न हसून कसं चाललं असतं? शीतल न्हाई हसली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्त्या, मला मागून दिसत होत्या. मंग तुम्ही बोलल्या, कुणी कुणाचं उतरवलं ते उद्यापर्यंत येऊन सांगा, न्हाईतर दोघांना शून्य. गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. बदनापूर आल्यावर म्हणली, आई, मी सांगते मॅडमला की मीच तुझं उतरवलं. म्हंजे शून्य तिला, आन् मी पास. पोरगी हाय का कोण हाय ही!

म्हणून मी ठरवलं होतं आज जाऊन सांगायचं, मॅडम, मी उतरवलं, शून्य मला द्या. पण सकाळी धीर होईना, गाडी बी धरली न्हाई, मंग शीतल बी घरीच. मंग वाटलं, मला शून्य दिलं तर मी नापास, मंग ती घरी. तिला शून्य तर तिचं नुकसान. कुठूनबी गेलं तरी येऊन पोरीवरच पडतं. असा हिशोब मांडत बसले होते, आन् सांजच्या गाडीनं उतरून तुम्ही दारात. आयब्रो करता का म्हणून. माझ्या हातातला दोराच पडला. तुम्ही ओळखलं न्हाई, आन् मी पहिला विचार केला की ह्यांचं तोंड बंद करावं, म्हंजे मला बोलता येईल. म्हणून पॅक लावला. लग्नघरच्या पोरीला फुकट पॅक लावायला मी काय येडी हाय का?

आन् अजून एक सांगते, तुमचे डोळे मिटलेत म्हणून सांगते. आता ते नुसतं सोबतीचं ऱ्हायलं न्हाई. त्या बाकावर बसलं की मला बरं वाटतं. काय कळत न्हाई तरी बरं वाटतं. तुम्ही फळ्यावर लिहिता, खडूचा आवाज येतो, कुणी मला ताई म्हणत न्हाई, वहिनी म्हणत न्हाई, चहा टाक म्हणत न्हाई. हजेरीला माझं नाव येतं आन् मी येस मॅडम म्हणते. उद्या मामंजींनी शीतलला एकटीला जाऊ दिलं ना, तरी मला जायचंय. हे मी शीतलला बी न्हाई सांगितलं. ती म्हणंल, आधी पास तर हो.

तर माझं म्हणणं एवढंच हाय — शून्य द्यायचं तर द्या, पण पुन्हा लिहायला लावा मला. माझं मला. आन् एकदा सांगा, तो इप्सिलॉन येतो कुठून. गाईड बघितलं, मोबाइलवर व्हिडिओ बघितले, त्यातला माणूस गाडी सुटल्यासारखा बोलतो. आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? ती माती मात्र आणली बरं का शेवटी. दोन पुडे. त्यातला एक फोडून आत्ता तुमच्या तोंडाला —

हसलात ना! गेली. ह्या गालावरून त्या गालापर्यंत तडा गेला. आता सगळं धुऊन पुन्हा लावावं लागंल. काकडी काढते. बघू नका अशा माझ्याकडं, मीच हाय ती, स्कार्फ न्हाई एवढंच. न्हाई, अजून बोलू नका, हनुवटीवरचं ऱ्हायलंय. काय पाह्यजे? पेन? पेन आत घरात असंल — ही आयब्रो पेन्सिल चालंल का? आन् कागद... आरशावर? लिहा की, बिनधास्त लिहा, माझाच आरसा हाय.

थांबा, सरकते. हा इप्सिलॉन. हा बाण इकडून, म्हंजे समोरच्यानं दिला? समोरचा मागतो, इतकं बारीक पाह्यजे म्हणून, आन् मंग आपण डेल्टा शोधायचा? आधी तो, मंग आपण? हे शीतल कवाच बोलली न्हाई. बोलली असंल. मी बोलत असंल तवा.

कोण हाय दारात? दैवशाला, उद्या ये गं, आज बंद हाय. उघडंय ते दिसतंय मला बी. आत गिऱ्हाईक न्हाई, मॅडम हायेत. माझ्या मॅडम. तास चालूय माझा, कॉलेजचा. हां, माझाच. जा, सांग जा कुणाला सांगायचं ते.

पुसू नका मॅडम, आरशावरचं तसंच ऱ्हाऊ द्या. हे तीनानं का भागलं? न्हाई, सांगू नका. लिहा तुम्ही पुढं. मी गप बसते.