उडणाऱ्याच्या झग्याचा खिसा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून, डोळे मिटून बसलो होतो. शेजारी एक आत्या आणि तिची भाची बोलत होत्या.

"आत्या, मालिकेच्या कालच्या भागात तुझा उडणारा हिरो लढलाच नाही गं!"

"मग काय केलं मेल्याने?"

"ढगावर राक्षस समोर आला, हा मूठ आवळणार, तेवढ्यात हात झग्याच्या खिशात गेला."

"अगं बाई! चाळीस वर्षं सदरे शिवले, सवयीने त्याच्या झग्यालाही शिवला गं मी खिसा. आता मालिकावाले कामावरून काढतायत मला."

"ऐक तर! खिशातून निघाला सुईदोरा आणि एक बटण. राक्षसाच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण तुटलेलं. हा लागला की लावायला!"

"आणि राक्षस?"

"मान वर करून मुकाट उभा, शाळेत जायला निघाल्यासारखा. मागून ढग चाललेत सावकाश."

"दोरा दाताने तोडला असेल."

"हो! पण सुईदोरा ठेवला कोणी?"

"मीच. खिसा झालाच होता, रिकामा कशाला ठेवायचा?"

"सुई चक्क ओवलेली होती, आत्या. तुला तर हल्ली मी ओवून देते."

"म्हणून तर त्या दिवशी तुझ्याकडून दोन ओवून घेतल्या. एवढ्या उंचावर त्याला कोण ओवून देणार?"