खळीचे पातेले

जबाब देणार : दोन जावांपैकी धाकटी, वय ४१ वर्षे, धंदा लॉन्ड्री, राहणार लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी आणि माझी थोरली जाऊ मिळून लॉन्ड्री चालवतो. इस्त्रीला एक बाई आहे. ती सतत बोलते म्हणून तिला रेडिओ म्हणतो.

कपड्यांची खळ मोठ्या पातेल्यात उकळतो. पातेले दोघींनी धरून उतरवायचे असते. जाऊबाई 'हं' म्हणतात, मग उचलायचे. चौदा वर्षे असेच आहे.

आठ दिवस आमचे बोलणे नव्हते. कारण पडद्यांच्या एका जोडीचे होते, आता नीट आठवत नाही. निरोप रेडिओ पोचवायची. म्हणायची, "पगार इस्त्रीचा, काम पोस्टाचं."

आज सकाळी अकराच्या सुमारास खळ तयार झाली. जाऊबाई 'हं' म्हणाल्या नाहीत. त्यांनी मान हलवली असे मला वाटले. आधी मी उचलले की त्यांनी, ते सांगता येत नाही. मी ढकलले नाही. त्या पाठ फिरवून बाजूला होईपर्यंत पातेले त्यांच्या अंगावर कलंडले.

रेडिओच्या पायांवर शिंतोडे उडाले. ती किंचाळू लागली. पाय लाल झाले, फोड आले. मी तिला नळाखाली बसवले. जाऊबाई स्टुलावर बसल्या. त्यांचा दंड आणि निम्मी पाठ पांढरी दिसत होती. मला ती खळ वाटली. त्या म्हणाल्या, "मला काही दुखत नाही. तिला ने आधी." तेवढे बोलून गप्प झाल्या. आठ दिवसांनी बोलल्या, म्हणून मी उलट बोलले नाही. म्हणाले, "ताई, तेवढी खळ पुसून घ्या."

रेडिओला दवाखान्यात नेले. मलमपट्टी झाली. दहा दिवसांत बरे होईल म्हणाले. परत यायला पाऊण तास लागला. जाऊबाई स्टुलावरच होत्या. हातात ओला फडका होता. थरथरत होत्या. म्हणाल्या, "निघत नाही गं."

मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले की ती खळ नव्हती, कातडी होती. फार खोल भाजले की दुखणे कळत नाही. मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागेल. जगण्याचे तीन दिवसांनी सांगू म्हणाले. हे मला अजून समजत नाही. ओरडत होती ती दुसरी.

जास्त भाजलेलीला मागे का ठेवले, असे आपण विचारले. त्या गप्प होत्या. मला वाटले, अजून रागातच आहेत.

वरील मजकूर मला वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच आहे. 'पुसून घ्या' हेही तसेच राहू द्यावे.