सातव्या पायरीवरून

(रविवारची सकाळ. चिक्कडपल्लीतल्या एका इमारतीची गच्ची.)

निवृत्ती : नक्को म्हटलं ना. स्कॉटलंडला नर्स म्हणून गेलीस, नर्सचं काम कर. दवंडी देणं आपल्या घरात कधीच बंद झालंय.

शिवानी : पप्पा, दवंडी नाही. जत्रा उघडायची. डनकेर केवढंसं गाव, दर वर्षी सगळे मिळून एक माणूस निवडतात. या वर्षी मला निवडलंय. सुट्टी संपवून गेले की चौथ्या दिवशी जत्रा.

पार्वतीबाई : पोरी, मला सांग नीट. तुह्या बापाला राग आला की त्याला आर्धंच ऐकू येतं.

शिवानी : आजी, तिथं बाजाराच्या मधोमध एक दगडी खांब आहे, पाचशे वर्षांचा. त्याच्या डोक्यावर घोडा कोरलाय, कपाळावर एक शिंग असलेला.

पार्वतीबाई : असला घोडा असतो व्हय?

शिवानी : नसतो. पण त्यांच्या राजाचं निशाण तेच. राजानं गावाला बाजार भरवायची परवानगी दिली, तिची खूण म्हणून खांब उभा केला. मग जे सांगायचं ते तिथूनच. राजा मेला, लढाई लागली, लोणी महागलं. चोर सापडला की गळ्यात लोखंडी कडं घालून त्याच खांबाला बांधायचे.

निवृत्ती : आणि बाहेरचा माणूस आला तर?

शिवानी : त्याला खांबाजवळ माल मांडायला बंदी. गाववाल्यांचं विकून झालं, घंटा वाजली, की मग त्यानं यायचं.

निवृत्ती : बघ. तिकडं पण तेच.

शिवानी : हौ, होतं तेच. पण पुढचं तर ऐका. घोडागाड्यांना अडचण होते म्हणून एके वर्षी गावानंच खांब उपटला. मग ऐंशी वर्षं पत्ता नाही. शेवटी एका शाळेतल्या बाईंना तो दिसला, गोठ्यात. गाई त्याला अंग घासत होत्या.

पार्वतीबाई : राजाच्या खांबाला? लई झ्याक केलं गायींनी.

शिवानी : गोठ्याचा मालक द्यायला तयार नाही. म्हणे गाईंना सवय झालीय. गावानं त्याला तेवढाच दुसरा दगड रोवून दिला, तेव्हा कुठं खांब सुटला. परत उभा केला त्या दिवशी त्या बाईंनाच बोलायला लावलं. तेव्हापासून जत्रा साधं माणूसच उघडतं, तेही माईकशिवाय. पेठेच्या टोकाला पाववाला आहे. त्याला ऐकू गेलं की तो हात वर करतो, मग दुकानं उघडतात. गेल्या वर्षी पोस्टमनला चारदा ओरडावं लागलं. आणि माझा आवाज वॉर्डात दुसऱ्या खाटेपर्यंत जात नाही.

निवृत्ती : मग चांगलंच आहे. नाही म्हणून कळव. माझे आजोबा पाराखाली उभं राहून दवंडी द्यायचे. आवाज सगळ्या गावाला चालायचा, पाय मात्र पारावर चालत नव्हता. धम्माची दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. माय, तूच सांग हिला.

पार्वतीबाई : सांगते की. सासऱ्यानं दवंडीची घुंगराची काठी मह्या हातात दिली. म्हनले, पार्वते, आज हिच्या जाळावर भाकर भाज. भाजली. लई ग्वाड लागली बाई. आता तू सांग, तुला खालून बोलायचं का वरून?

शिवानी : वरून. खांबाला सात पायऱ्या आहेत, सगळ्यात वरच्या पायरीवरून. नगराध्यक्ष खाली उभा असतो, टोपी काढून.

पार्वतीबाई : टोपी काढून?

शिवानी : हौ.

पार्वतीबाई : निवृत्ती, आता पुरं ऐकू आलं का?

निवृत्ती : आलं. कागद दाखव इकडं. काय बोलायचंय?

शिवानी : आहे इंग्रजीत, आजीसाठी मराठी केलंय. 'विकायला या, घ्यायला या, भांडण घरी ठेवून या. जो आला तो आपला.'

निवृत्ती : हे शेवटचं पहिल्यापासून होतं?

शिवानी : नाही. ते त्या शाळेतल्या बाईंनी जोडलं.

पार्वतीबाई : घशातून नको काढू, बेंबीपासून काढ. आन् जवळच्याला सांगू नको. सगळ्यात लांब जो हाय, त्याला सांग. सासरे असंच करायचे.

निवृत्ती : थांब. मी गल्लीच्या टोकाला जातो, इस्त्रीवाल्यापाशी. आज मी पाववाला.

शिवानी : पप्पा, तीन मजले आहेत. तुमचे गुडघे परेशान करतील.

निवृत्ती : करू दे. आणि लाड नाही हं, ऐकू आलं तरच हात.

पार्वतीबाई : गेला बग, चप्पलसुद्धा न्हाई घातली.

शिवानी : पप्पा पोचले, आजी. विकायला या, घ्यायला या, भांडण घरी ठेवून या...

पार्वतीबाई : काय झालं?

शिवानी : खालच्या भाग्यलक्ष्मी आंटी बाहेर आल्या. इस्त्रीवालाही वर बघतोय. पप्पा नुसते उभे आहेत.

पार्वतीबाई : मग त्या बाईला नको सांगू. बापाला सांग.

शिवानी : विकायला या, घ्यायला या, भांडण घरी ठेवून या! जो आला तो आपला!

पार्वतीबाई : मला काय इतक्या लांबचं दिसत न्हाई. केला का गं त्यानं हात वर?

शिवानी : दोन्ही केलेत, आजी.