दोन वाजता, कॉटपाशी

—नाही, नाही, नुसती मान हलवून भागायचं नाही, काका. काका म्हणते हं, माझ्याच वयाचे असाल कदाचित, पण इथे आलं की सगळे काका. दंड द्या इकडे, बीपी घेते. तर काय सांगत होते — हां, दोन वाजता आमची ड्यूटी बदलते. दुपारच्या सिस्टर येतील, आणि तुमचं सगळं मी त्यांना इथेच, तुमच्या कॉटपाशी उभं राहून सांगणार. तुमच्यासमोर. काल तेव्हा काय केलंत? डोळे मिटून घेतलेत! झोप लागली होती? कसली झोप, पापण्या नुसत्या फडफडत होत्या. ऐकायचं असतं, काका. आणि मी चुकीचं सांगितलं तर टोकायचं. सिस्टरला कसं टोकायचं, म्हणता? तोंडानं!

पूर्वी हे नव्हतं. पूर्वी आम्ही आमच्या खोलीत, दार लोटून, चहा घेत उरकायचो — 'चार नंबर बरा आहे, सहा नंबर कटकट करतोय' — झालं, निघालो घरी. गेल्या वर्षी नवा नियम आला, पेशंटसमोर सांगा, पेशंटला विचारा. आम्ही जुन्या सगळ्या चिडलो. मी तर म्हटलं, मग आमची टोपीही पेशंटलाच घाला! आणि नेमक्या त्याच आठवड्यात बायकांच्या वॉर्डात त्या बाई आल्या. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शिकाऊ मंडळींनी गाडी खांबावर घातली, गटारात घातली, बाईंना साधं खरचटलं नाही. आणि घरात स्टुलावरून पडून खुबा मोडून घेतला! वर मधुमेह. बरं, पडल्या पडल्याही सवय जाईना — कुणी ट्रॉली जोरात आणली की यांचा धड पाय कॉटच्या लोखंडावर दाबलेला, आणि 'ब्रेक! ब्रेक!' वॉर्डबॉय जागच्या जागी उभा. हसताय ना? हसा, पण दंड हलवू नका, परत घ्यावं लागेल.

तर तिथे एक सिस्टर होती. जुनी, अनुभवी — नाव नका विचारू. त्या दिवशी साडेबाराला तिनं बाईंना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं. कागदावर सही करणार, तेवढ्यात समोरच्या आजी बाथरूममध्ये घसरल्या. ही धावली. आजींना उचललं, तपासलं, डॉक्टरांना बोलावलं — सही राहिली ती राहिलीच, आणि इन्सुलिन दिल्याचं डोक्यातूनही साफ गेलं. सव्वीस पेशंट होते, काका, सव्वीस! दोन वाजता सगळ्याजणी कॉटभोवती जमल्या, आणि ही कागद बघून ऐटीत सांगते, 'जेवण उशिरा आलंय, इन्सुलिनही राहिलंय. आधी ते द्या.' दुपारच्या ड्यूटीची नवी मुलगी सिरिंज भरून तयार. बाई म्हणाल्या, 'ब्रेक! मला दिलंय ते.' ही म्हणते, 'नाही हो, कागदावर नाहीये.' बाई म्हणाल्या, 'कागदाला टोचलं नव्हतं, मला टोचलं. इथे, पोटाला.' आणि मी सगळ्यांसमोर हसून म्हटलं, 'बाई, वयामुळे होतं असं, तुम्हाला आठवत नसेल—'

...हो. मी. मीच ती. आता निसटलंच तोंडातून, तर पुढचंही ऐका.

ती नवी मुलगी, दोन महिन्यांची नोकरी, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. बाईंकडे बघून म्हणाली, 'आधी साखर बघू या.' बोट टोचलं. साखर केव्हाच उतरणीला लागली होती. त्यावर आणखी एक डोस गेला असता तर — नाही, ते नको बोलायला. लगेच रस पाजला, जेवणाचं ताट पुढ्यात ठेवलं, बाई निवांत जेवल्या. चूक झाली की भरायचा आमचा एक फॉर्म असतो, तो मीच भरला. आमच्या इन्चार्ज म्हणाल्या, 'सही राहिली, एवढंच लिहा.' म्हटलं, नाही, पेशंट सांगत होती आणि मी ऐकलं नाही, हेही लिहिते. मग बाईंकडे गेले. 'माझं चुकलं,' म्हटलं. त्या म्हणाल्या, 'विसरणं मला कळतं हो, माझे शिकाऊ तर हँडब्रेक काढायलाच विसरतात. पण तुम्हाला आठवत नसेल म्हणालात ना, ते लागलं मला.' स्टूल ओढून बसले तिथेच, डोळे भरून आले. बाई एकदम विचारतात, 'गाडी येते का चालवायला?' नाही म्हटलं. 'मग मी बरी झाले की या. तुम्हाला टोकणारं कुणीतरी हवंय.' आणि जाते ना मी! दर रविवारी. बाई मांडीवर काठी ठेवून शेजारी बसतात आणि दोन तास टोकतात. छप्पन्नाव्या वर्षी दोनदा नापास झालेय टेस्टला. आमचे हे समजतात, मला रविवारी जादा ड्यूटी असते — तुम्ही तुमच्या मिसेसजवळ, वहिनींजवळ, बोलू नका हं! हे मी तुम्हाला का सांगत बसलेय, कुणास ठाऊक.

हां, तुमच्यामुळे. सकाळी डॉक्टर उद्याचं ऑपरेशन समजावून गेले, तेव्हा तुम्ही सात वेळा मान हलवलीत. मोजली मी. आणि ते पाठमोरे होतात न होतात तोच वहिनींना विचारलंत, 'काय म्हणाले?' त्यांनाही कळलं नव्हतं! बाहेर येऊन मला विचारत होत्या, 'यांचं नेमकं काय करणार आहेत हो?' दुखतंय का म्हटलं की तुमचं 'नाही', आणि हात सारखा पोटावर. कुणाला त्रास नको, असंच ना? अहो, तुमच्यासारख्या शहाण्या पेशंटचीच आम्हाला जास्त धास्ती.

काय? मोठ्यानं बोला... शौचासाठी पोटावर पिशवी लावणार, असं ॲडमिट होतानाच ऐकलंत, ती कायमची राहणार का? अहो काका, हे चार दिवस पोटात ठेवलंत तुम्ही? नाही, नाही, हसत नाहीये मी. अगदी रास्त प्रश्न आहे. पहिल्या दिवशीच विचारायचा. पण उत्तर माझ्याकडून नको, मी उगाच धीर द्यायला काहीतरी बोलून जाईन. सर्जनच सांगतील — त्या बघा आल्या सगळ्याजणी, तेही आहेत बरोबर. थांबा, पाठीशी उशी लावते. हं, असे ताठ बसा. घसा खाकरा एकदा. — या डॉक्टर, या गं. थांबा, आज आधी काका बोलणार आहेत.

बोला, काका. मी गप्प.