सोबत कुणाला

शिवणक्लासच्या बाई लिफ्टची वाट बघत होत्या. मागं दाजी आणि मेहुणा बोलत होते.

“दाजी, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कितव्या मजल्यावर?”

“तुलाच ठाऊक. मी नुसता सोबतीला आलोय.”

“सोबतीला तर मी आलोय. ताई म्हणाली, तुम्हाला एकट्याला धीर व्हायचा नाही.”

“तुझी बायको तुझ्याबद्दल हेच म्हणाली.”

“मग मीटिंग नक्की कुणाची?”

“तू आज घेतलीस?”

“थोडीशी. तुम्हाला इथं आणायचं म्हणून. तुम्ही?”

“तुला आणायचं म्हणून.”

लिफ्ट आली. दोघं आत शिरले, पण बटण कुणीच दाबेना. मागच्या आठवड्यात बटण न दाबताच इथून घरी परतलेल्या बाईंनी तिसरा मजला दाबला.

“चला,” त्या म्हणाल्या, “मलाही तिथंच जायचंय.”