मोठ्या गळाच्या माश्या

(आखाती देशातल्या अल मन्सूरातला एक फ्लॅट. जुम्म्याची सकाळ. मुदस्सिर आणि त्याची बायको बिलकिस.)

बिलकिस : ही पण मोठ्या गळावर? सकाळपासून पिसं नि दोरा गुंडाळताय, पण मासे पकडायच्या सगळ्या खोट्या माश्या मोठ्याच.

मुदस्सिर : सुट्टीत काश्मीरच्या तळ्यावर जायचंय, तिथला ट्राउट मासा मोठा असतो गो. मोठ्या माशाला मोठी माशी.

बिलकिस : मागच्या वर्षी बँकेतल्या शहाजीभाऊंना तर उलटं सांगत होतात. वाहत्या पाण्यात मासा घाईत असतो, दिसेल ते गिळतो. तळ्यात त्याला वेळ असतो, तो निरखून बघतो. म्हणून तळ्यासाठी डासाच्या अळीएवढी बारीक माशी बांधायची. काळा दोरा, वर चांदीच्या तारेचे वेढे.

मुदस्सिर : एवढं ध्यानात ऱ्हायलं तुझ्या?

बिलकिस : दर जुम्म्याला गालिच्यातून पिसं मीच वेचते. राहणारच.

मुदस्सिर : या खेपेला शेवाळी रंगाच्या नेतो. अंगाला लोकर, शेपटीला पिसांचा झुबका. हळू ओढली की पळणारी बारकी मासळी वाटते. तळ्यात तीपण चालते.

बिलकिस : चालत असेल. पण मला एक छोटी बांधून दाखवा.

मुदस्सिर : आता उजेड नाय पुरत.

बिलकिस : पडदा सरकवला. घ्या, सगळं ऊन टेबलावर आलं.

मुदस्सिर : सोड ना, बिलकिस.

बिलकिस : उजवा हात टेबलाखाली का ठेवलाय? वर घ्या. ... या अल्ला! दोरासुद्धा थरथरतोय. कधीपासून?

मुदस्सिर : रमजानच्या आधीपासून. पयला नुसता अंगठा हलायचा. वाटलं, दमलोय.

बिलकिस : आणि दातांच्या लॅबमध्ये? या हातानं लोकांचे नकली दात कसे घडवता?

मुदस्सिर : मी रंग जुळवतो, मेण वितळवतो. बारीक कोरायचं आलं की शेजारच्या टेबलावरचा तबिश गपचूप माझा ट्रे उचलतो. मॅनेजरला ठाऊक नाय.

बिलकिस : तबिशला माहीत. मला नाही.

मुदस्सिर : तू डॉक्टरकडे नेलं असतंस.

बिलकिस : मग काय बिघडलं असतं?

मुदस्सिर : डॉक्टरनं आजाराचं नाव घेतलं की खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. आपल्या पोरीची, हनियाची बारावी चालू हाय.

बिलकिस : आणि एखाद्या दिवशी तबिश आलाच नाही तर?

मुदस्सिर : नव्हता आला. गेल्या आठवड्यात. एका म्हातारीचा दात बिघडवला मी. बिचारी पुन्हा माप द्यायला आली उन्हातून. जाताना वर माझेच आभार मानले, शुक्रान म्हणाली.

बिलकिस : द्या तो हात इकडे.

मुदस्सिर : अब्बांचा हातपण शेवटी असाच हलायचा. रत्नागिरीत कोण आजार म्हणालं नाय, म्हातारपण म्हणाले. मी तर पन्नाशीचापण नाय गो.

बिलकिस : म्हणूनच जायचं. अल हिलालच्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरीणबाई बसतात. उद्या जाऊ. मी आत येते तुमच्याबरोबर.

मुदस्सिर : तूच बोल त्यांच्याशी. माझ्या तोंडून शब्द नाय फुटायचा.

बिलकिस : बोलेन. मॅनेजरशी पण मीच बोलू?

मुदस्सिर : नको. ते मी सांगतो. आणखी कुणाचा दात नाय बिघडवायचा मला.

बिलकिस : आणि हनियाला काय सांगायचं?

मुदस्सिर : जे हाय ते. हाक मार तिला. तिच्या खोलीतलं गाणं मघाशीच बंद झालंय, ऐकतेय ती सगळं.